झटकलेली धूळ आणि पोहोचलेला निरोप : पेशीबाह्य पुटिकांच्या शोधाची कथा



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत पेशीविज्ञानाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. म्हणून कारण आधीच सांगून टाकतो. गेल्या काही वर्षांत ‘एक्सोसोम’ हा शब्द प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर पडून जाहिरातींत शिरला आहे. केस गळोत, चेहऱ्यावर सुरकुत्या पडोत, गुडघे दुखोत, सगळ्यांवर एक्सोसोमचा उपाय सुचवला जातो. उद्या आपल्याच घरातले कोणी वडीलधारे असा कागद हातात घेऊन ‘हे करून पाहू का?’ असे विचारतील. त्यांना उत्तर द्यायचे तर हा पदार्थ काय आहे आणि माणसाला तो कसकसा कळत गेला, हे ठाऊक हवे. तो इतिहास मोठा बोधप्रद आहे. जी गोष्ट शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षे धूळ आणि कचरा समजून बाजूला सारली, तिच्यातच शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचे निरोप दडलेले निघाले. आणि निरोप सापडल्यावर माणसांनी किती घाई केली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसे. घरोघर टेलिफोन नव्हते तेव्हा नात्यागोत्याशी संबंध ठेवण्याचे दोन मार्ग असत. एक पोस्टाचे कार्ड. दुसरा मार्ग म्हणजे कोणी पुण्याकडे किंवा कोल्हापूरकडे जाणारे निघाले की त्याच्या हाती दिलेली पुरचुंडी. कार्डावर मजकूर मोजका. पुरचुंडीत मात्र मेतकूट, भाजणी, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि सगळ्यांच्या तळाशी घडी घातलेली चिठ्ठी. शरीरातल्या पेशींचेही असेच चालते. इन्सुलिनसारखे संप्रेरक हे कार्ड झाले : एक रेणू, एक संदेश. पण पेशी याखेरीज स्वतःच्याच आवरणाच्या स्निग्ध पदार्थाची इवलीशी पिशवी बांधून बाहेर सोडते. तिच्या पृष्ठभागावर नेमकी प्रथिने असतात, ती पत्त्यासारखी काम करतात. आत आणखी प्रथिने असतात आणि आरएनएचे तुकडे असतात. या पिशवीला पेशीबाह्य पुटिका म्हणतात. पेशीच्या आतल्या कप्प्यात तयार होऊन बाहेर पडणाऱ्या लहान पुटिकांना एक्सोसोम हे नाव आहे. त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटरच्या सुमारे आठशे पुटिका एका ओळीत मांडाव्यात, तेव्हा आपल्या एका केसाची जाडी भरेल. साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या नीट दिसणेच शक्य नाही. त्यांच्याकडे इतकी वर्षे दुर्लक्ष झाले, त्याचे एक कारण हेच.

गोठणारे रक्त आणि ‘धूळ’

कथेची सुरुवात १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये होते. कोलंबिया विद्यापीठात एर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट हे रक्त कसे गोठते याचा अभ्यास करत होते. हेच ते शारगाफ, ज्यांनी पुढे डीएनएमधल्या घटकांचे ठरावीक प्रमाण दाखवून दिले. या दोघांनी पेशी काढून टाकलेला रक्तद्रव सेंट्रिफ्यूज यंत्रात गुरुत्वाकर्षणाच्या ३१ हजार पट जोराने फिरवला. तळाशी थोडा गाळ बसला. वर राहिलेला द्रव आता सावकाश गोठू लागला आणि तो गाळ मिसळला की गोठणे पुन्हा वेग घेई. म्हणजे पेशी काढून टाकल्यानंतरही त्या द्रवात काहीतरी कण शिल्लक होते आणि ते काम करत होते. ते कण म्हणजे काय, हे त्या वेळी उलगडले नाही.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९६७ साली, पीटर वुल्फ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या कणांचा शोध घेतला. हे प्लेटलेटमधून, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांमधून, सुटलेले बारीक कण आहेत असे त्यांनी दाखवले आणि त्यांना नाव दिले ‘प्लेटलेटची धूळ’. नाव चपखल होते, पण नावात निवाडाही असतो. एकदा धूळ म्हटले की ती झटकायची असते, वाचायची नसते.

योगायोग असा की त्याच १९६७ साली आपल्या देशात, कलकत्त्याला, एस. एन. चॅटर्जी आणि जे. दास यांनी कॉलऱ्याच्या जंतूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली चित्रे प्रसिद्ध केली. जंतूच्या बाहेरच्या आवरणाला फुगवटे येतात, ते गळून सुटे होतात आणि छोट्या पिशव्यांसारखे तरंगू लागतात, असे त्यांत दिसत होते. माणसाच्या प्लेटलेटपासून कॉलऱ्याच्या जंतूपर्यंत सगळेच पिशव्या सोडतात, ही गोष्ट अशा रीतीने एकाच वर्षी दोन खंडांत कागदावर आली. कलकत्त्याच्या निबंधाच्या शीर्षकात शब्द होता ‘उत्सर्जन’. इथेही कल्पना टाकून देण्याचीच होती.

मेंढीच्या रक्तातला कचरा

पुढचा टप्पा १९८३ चा. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन या जीवरसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी बिन-ताओ पॅन मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींवर काम करत होते. सेंट लुइस येथे हार्डिंग, ह्यूझर आणि स्टॉल हे उंदराच्या तशाच पेशींवर प्रयोग करत होते. प्रश्न दोघांचा एकच. तांबडी पेशी वाढीला लागलेली असते तेव्हा तिला हिमोग्लोबिन बनवण्यासाठी लोह लागते आणि ते आत ओढून घेणारी प्रथिने तिच्या पृष्ठभागावर असतात. पेशी पूर्ण वाढली की त्यांची गरज संपते आणि ती नाहीशी होतात. मग जातात कुठे?

सगळ्यांचा अंदाज होता की पेशी ती आतल्या आत पचवून टाकत असेल. प्रत्यक्षात वेगळेच दिसले. पेशी ती प्रथिने आत ओढते, एका मोठ्या कप्प्यात इवल्या इवल्या पुटिकांमध्ये भरते. मग तो कप्पा पेशीच्या भिंतीला येऊन चिकटतो, उघडतो आणि सगळ्या पुटिका बाहेर सांडतो. १९८७ साली जॉनस्टन यांनी या पुटिकांसाठी ‘एक्सोसोम’ हा शब्द रूढ केला.

शोध मोठाच होता, पण अर्थ लावला गेला तो आपल्या घरच्या अनुभवाचा : नको असलेले सामान पेशी दाराबाहेर ठेवते. त्यात चूकही नव्हती, कारण तांबड्या पेशीच्या बाबतीत ते खरेच होते. मात्र त्यामुळे पुढची दहाबारा वर्षे या विषयाकडे फारसे कोणी फिरकले नाही. कचरा टाकण्याच्या पद्धतीवर आयुष्य कोण घालवणार?

कचऱ्यात सापडले ओळखपत्र

विषयाला खरी कलाटणी मिळाली ती १९९६ साली, आणि ती रोगप्रतिकाराच्या अभ्यासातून. तिचे महत्त्व कळण्यासाठी आपल्या शरीराच्या पहाऱ्याची रीत थोडी पाहायला हवी. टी-पेशी या पहारेकरी पेशी असल्या तरी परका जंतू त्यांना आपला आपण ओळखता येत नाही. दुसऱ्या काही पेशी त्या जंतूचे तुकडे करतात आणि एकेक तुकडा विशिष्ट प्रथिनाच्या पसाऱ्यात धरून टी-पेशीपुढे करतात. ‘हा पाहा, असा दिसतो, याला धरा.’ हे दाखवण्याचे काम बी-पेशी करतात, भक्षकपेशी करतात आणि सर्वांत कुशलतेने डेंड्रिटिक पेशी करतात. पेशीने पेशीला प्रत्यक्ष भेटून तुकडा दाखवावा लागतो, असा तेव्हाचा समज होता.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त येथे ग्रासा रापोझो आणि त्यांचे सहकारी हे पाहत होते की बी-पेशीत तुकडा दाखवणारी ही प्रथिने कोणत्या कप्प्यात साठतात. त्यांना तो कप्पा पुटिकांनी भरलेला दिसला, अगदी जॉनस्टन यांच्या मेंढीच्या पेशीतल्यासारखा. तोही भिंतीला चिकटून बाहेर उघडत होता. मग त्यांनी पुढचा साधा प्रश्न विचारला : बाहेर पडलेल्या पुटिका काही करतात का? त्या गोळा करून टी-पेशींपुढे ठेवल्या, तेव्हा टी-पेशी जाग्या झाल्या. बी-पेशी जवळ नसताना, नुसत्या तिने सोडलेल्या पुटिकांमुळे! पुटिकेच्या अंगावर ती प्रथिने होती, त्यांत जंतूचा तुकडा होता आणि टी-पेशीने तो वाचला. कचरा म्हणून टाकलेल्या पिशवीत ओळखपत्र सापडले.

दोनच वर्षांनी, १९९८ साली, पॅरिसमध्ये लॉरेन्स झित्व्होगेल, सेबास्तियन आमिगोरेना आणि त्यांच्या गटाने डेंड्रिटिक पेशींना कर्करोगाच्या गाठीतले तुकडे दिले, त्यांनी सोडलेल्या पुटिका गोळा केल्या आणि गाठी असलेल्या उंदरांना टोचल्या. गाठींची वाढ थांबली, काही उंदरांत गाठी नाहीशा झाल्या. पेशीविना लस तयार करता येईल, ही आशा येथून निघाली.

२००७ साली स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या हादी व्हालादी आणि यान लोटव्हाल यांच्या गटाने आणखी एक थर उलगडला. ॲलर्जीच्या वेळी ज्या पेशी खाज आणि सूज उठवतात त्या मास्ट पेशींच्या पुटिकांत आरएनए असते, असे त्यांनी दाखवले. उंदराच्या मास्ट पेशीच्या पुटिका माणसाच्या मास्ट पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशी उंदराची प्रथिने बनवू लागल्या. म्हणजे पुरचुंडीच्या तळाशी चिठ्ठी होती आणि ती दुसऱ्या घरी वाचून तिच्याप्रमाणे वागलेही जात होते. या निबंधानंतर प्रयोगशाळांची रीघ लागली. २०११ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली.

निरोप कोणाचा, यावर सारे

इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे. पण पुरचुंडी बांधणारा हात कोणाचा, यावर तिच्यातला माल ठरतो. पुटिका प्रतिकारशक्तीच्या मित्र की शत्रू, हा प्रश्न म्हणूनच चुकीचा ठरतो. ज्या पेशीने ज्या अवस्थेत त्या सोडल्या, तिच्या त्या निरोपवाहक असतात.

आईचे दूध घ्या. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी चिकात आणि नंतरच्या दुधातही एक्सोसोम असल्याचे दाखवले. प्रयोगशाळेत त्यांनी रक्तपेशींचा क्षोभ कमी केला आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशींची संख्या वाढवली. नुकत्या जन्मलेल्या जिवाला सगळे जगच परके. सगळ्यावर धावून जाऊ नकोस, असा काही निरोप त्यात असावा, असे मानायला जागा आहे. गर्भारपणात वारही आईच्या रक्तात पुटिका सोडते. अर्धा वाटा बापाचा असलेला गर्भ आईच्या शरीराने सांभाळावा, यात त्यांचा हात असल्याचे संशोधक मानतात. मात्र रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांना धोका देणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियात वारेचे असे कण आईच्या रक्तात वाढलेले असतात, हे ऑक्सफर्डच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले होते.

क्षयरोगाचा जंतू भक्षकपेशीच्या पोटातच दडून बसतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात संचिता भटनागर आणि जेफ शोरी यांना दिसले की अशी ग्रासलेली भक्षकपेशी ज्या पुटिका सोडते, त्यांत जंतूचे अंश असतात आणि त्या शेजारच्या निरोगी पेशींना सावध करून दाह उत्पन्न करतात. कैदेत पडलेल्याने खिडकीतून चिठ्ठी फेकावी, तसे हे. उलट काळा आजाराचा परजीवी स्वतःच्या पुटिका सोडून आपल्या पहारेकऱ्यांना थंड करतो, हे २०१० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवले. साधन एकच, पण एकदा ते घरच्याच्या हाती, एकदा चोराच्या.

वुल्फ यांच्या धुळीचेही पुढे काय झाले पाहा. २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध आला. संधिवाताने सुजलेल्या सांध्यांतल्या द्रवात प्लेटलेटचे ते बारीक कण भरपूर सापडले आणि सांध्याच्या अस्तरातल्या पेशींना तेच चिथावत असल्याचे दिसले. ज्यांना १९६७ मध्ये धूळ म्हटले, ते सांधा सुजवण्यात सामील निघाले.

सर्वांत कावेबाज वापर करतो तो कर्करोग. २००२ मध्ये मिलानच्या संशोधकांनी दाखवले की मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग ज्या पुटिका सोडतो, त्यांच्यावर टी-पेशीला मरणाची आज्ञा देणारे प्रथिन असते. पुढे २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वेई ग्वो यांच्या गटाने आणखी एक डाव उघड केला. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. तो दाबणारे पीडी-एल१ हे प्रथिन कर्कपेशी आपल्या अंगावर मिरवते, हे आधीच माहीत होते. ग्वो यांना ते पुटिकांवरही सापडले. म्हणजे गाठ एका जागी आणि तिचे हस्तक रक्तातून फिरून लांबच्या टी-पेशींना जागच्या जागी थोपवणारे. याच २०१८ साली टी-पेशींवरचे असे ब्रेक सोडवण्याच्या उपचाराचा पाया घातल्याबद्दल तासुकु होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा उपचार काही रुग्णांत का चालत नाही, याच्या उत्तराचा एक धागा या पुटिकांत असू शकतो.

आशा आणि घाई

आता सुरुवातीच्या जाहिरातीकडे येतो. पॅरिसच्या उंदरांनंतर माणसांवरच्या चाचण्या झाल्या. २००५ साली दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : फ्रान्समध्ये मेलॅनोमाचे १५ रुग्ण आणि अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे १३, त्यांपैकी ९ जणांचे उपचार पूर्ण झाले. रुग्णाच्याच डेंड्रिटिक पेशींपासून पुटिका काढून त्यालाच टोचल्या. त्या सोसल्या, हे नक्की झाले. पुढची फ्रेंच चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे २२ रुग्ण होते. चार महिन्यांनंतर निम्म्या रुग्णांचा आजार आटोक्यात राहावा, हे उद्दिष्ट होते. राहिला तो सात जणांचा. उंदरांत नाहीशा झालेल्या गाठी माणसांत तशा नाहीशा झाल्या नाहीत. शास्त्रज्ञांनी हे झाकले नाही, आकड्यांसह छापले. विज्ञानावर विश्वास ठेवायचा तो यासाठी.

शास्त्राने स्वतःच्या उत्साहालाही लगाम घातला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एक्सोसोम वाटीसारखे खोलगट दिसत आणि कित्येक वर्षे ती वाटी हीच त्यांची खूण मानली गेली. नमुने न सुकवता गोठवून पाहिले, तेव्हा ते गोल निघाले. वाटी सुकवण्यामुळे पडत होती! २०१४ मध्ये आणखी एका गटाने मोजून सांगितले की एखाद्या विशिष्ट सूक्ष्म-आरएनएची एक प्रत सापडायला सरासरी शंभराहून अधिक पुटिका चाळाव्या लागतात. प्रत्येक पुरचुंडीत चिठ्ठी असतेच असे नाही, हे त्यातून कळले. पुटिका नेमक्या कोणत्या कप्प्यातून आल्या हे सिद्ध झाल्याखेरीज ‘एक्सोसोम’ शब्द वापरू नये, ‘पेशीबाह्य पुटिका’ म्हणावे, असा सल्ला आंतरराष्ट्रीय संस्थेने दिला. संशोधक ज्या शब्दाला इतके जपतात, तो जाहिरातदार सर्रास वापरतात.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून विकलेल्या, मान्यता नसलेल्या द्रवांमुळे रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. मान्यता मिळालेले असे एकही उत्पादन नाही, हेही प्रशासनाने तेव्हा स्पष्ट केले.

याचा अर्थ पुटिकांचा औषधाला उपयोगच नाही, असा घेऊ नका. मेंदूज्वराच्या ‘बी’ गटाच्या जंतूचे शर्करावेष्टन आपल्याच शरीरातल्या शर्करेसारखे दिसते, म्हणून त्यावर नेहमीच्या पद्धतीची लस करता येत नव्हती. तेव्हा त्या जंतूच्या बाह्य आवरणाच्या पुटिकांनाच लस बनवले गेले. क्यूबाने ते १९८० च्या दशकात केले. न्यूझीलंडने २००४ पासून आपल्या देशातल्या साथीवर तशी लस वापरली आणि २०१३ मध्ये युरोपात मान्य झालेल्या लशीत त्याच न्यूझीलंडच्या लशीचा पुटिकांचा भाग आहे. कलकत्त्याच्या चित्रांत कॉलऱ्याच्या जंतूवर दिसलेले फुगवटे आणि ही लस एकाच जातीच्या गोष्टी आहेत. मात्र या लशीमागे चाचण्या होत्या, परवाने होते आणि अनेक वर्षे होती.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, तर त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा. या पुटिका कोणाच्या आणि कोणत्या पेशींपासून काढल्या? माझ्या आजारावर, माणसांवर, त्यांची चाचणी कुठे झाली आणि आकडे काय आले? आणि त्या टोचायला औषध प्रशासनाची परवानगी आहे का? आपण वर पाहिले की निरोप देणारा कोण यावर सारे अवलंबून असते. बांधणाऱ्याचे नाव न सांगता कोणी पुरचुंडी हाती दिली, तर आपल्या आजीनेही ती घरात घेतली नसती.

पन्नास वर्षे आपण या कणांना धूळ समजलो, ती एक चूक झाली. आज त्यांना अमृत समजणे ही दुसरी होईल. पहिली चूक दुरुस्त केली ती दिसलेल्या गोष्टीला पुन्हा एकदा ‘तू काय करतेस?’ असे विचारणाऱ्या माणसांनी. दुसरी टाळणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.